‘आपण’ आणि ‘आम्ही’

गेल्या महिन्यात आयसेलिनच्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, अलंकारांचा तास भरला. कन्या आठवीत. गृहपाठ असा, की कचऱ्यावरचा एक लेख वाचायचा आणि लेखकाने वाचकाचं मन वळवायला कोणकोणत्या युक्त्या वापरल्या ते शोधायचं. “बाबा, तुला येतं हे?”

आम्ही शड्डू ठोकला. हे सगळं आमच्या बाईंनी छडीच्या धाकाने घोटून घेतलेलं! धरती रडते आहे, ही चेतनगुणोक्ती. प्लास्टिकचा राक्षस, हे रूपक. आपण कधी जागे होणार, हा उत्तराची अपेक्षा नसलेला प्रश्न. कचऱ्याचा डोंगर अंतराळातून दिसतो, ही अतिशयोक्ती.

शेवटच्या वाक्याशी मात्र आम्ही थबकलो, कारण असाच एक डोंगर आमच्या शेजारचा. आयसेलिन ज्या वुडब्रिज टाउनशिपमध्ये येतं, तिच्या पूर्वेला आर्थर किलची खाडी आणि पलीकडे स्टॅटन आयलंडवर फ्रेश किल्स. न्यूयॉर्क शहराचा कचरा 1948 ते 2001 तिथे पडत होता. ‘अंतराळातून दिसतो’ असं त्याच्याबद्दलही सर्रास सांगत. पण वुडब्रिजकरांना तो दिसायला अंतराळात जावं लागत नव्हतं. बार्जमधून सांडलेला कचरा वाहत त्यांच्याच किनाऱ्याला लागे. 1979 मध्ये टाउनशिपने न्यूयॉर्क शहरावर सरळ दावा ठोकला. 1987 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने शहराला कचरा पाण्यात पडू नये म्हणून उपाय करणं भाग पडलं. दाव्याच्या कागदावर ‘धरती रडते’ लिहून चालत नाही. कचरा कोणाचा, ते नाव घालावं लागतं.

आता याच्या उलट नमुना. 1971 साली टीव्हीवर एक गाजलेली जाहिरात आली. कचरा पाहून एका आदिवासी अमेरिकन माणसाच्या डोळ्यातून अश्रू ओघळतो, आणि सांगणं असं, की प्रदूषण लोकच करतात, लोकच ते थांबवतील. अख्खा देश गहिवरला! पुढे कळलं, की तो नट मूळ इटालियन वंशाचा. आणि जाहिरात देणारी संस्था 1953 मध्ये उभी करण्यात पेयं आणि डबे-बाटल्यांच्या कंपन्यांचा पुढाकार होता. ‘लोक’ म्हणजे सगळे. सगळे दोषी ठरले, की बाटली बनवणारा गर्दीत दिसेनासा होतो.

एवढं प्रवचन झोडून आम्ही उठलो, तर कन्येच्या हाती आमचाच कागद लागला. मंडळाच्या गणेशोत्सवाची सूचना: ‘आपल्या कार्यक्रमांत फार कचरा होतो. आपण सर्वांनी विचार करावा.’ तिने पेन्सिलीने ‘आपण’भोवती गोल केला. “बाबा, हू इज आपण?”

आली का पंचाईत! न्यू जर्सीत 4 मे 2022 पासून थर्मोकोलच्या ताटांवर बंदी आली, म्हणून त्यांच्या जागी कडक प्लास्टिकची ताटं आली. ती आणली कोणी? समितीच्या वतीने आम्हीच! स्वस्त पडली म्हणून खूशही झालो होतो.

इंग्रजीत एकच ‘वी’. मराठीत दोन आहेत, आणि त्यांतला ‘आपण’ फार गोड आणि तितकाच लबाड. तो समोरच्याला जवळ घेतो आणि आपला निम्मा दोष त्याच्या खिशात सरकवतो. ‘आम्ही’ म्हटलं, की पळवाट उरत नाही. गाडगेबाबाही कीर्तनात प्रश्नांवर प्रश्न टाकत, लोकांना बोलतं करत. पण रात्रीच्या कीर्तनाआधी दिवसा गाव स्वतःच्या हाताने झाडलेलं असे. तेवढं केल्यावर ‘आपण’ म्हणायचा हक्क मिळतो.

तेव्हा सूचना फाडली, नवी लिहिली: ‘गेल्या वर्षी आम्ही प्लास्टिकची ताटं आणली. यंदा आणणार नाही. घरून ताट, वाटी, पेला आणावा. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी स्टीलची पन्नास ताटं ठेवू. ती आम्ही घासू.’

एकही अलंकार नाही. सौ.ने वाचली आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, “यातले ‘आम्ही’ म्हणजे नक्की कोण?”

या प्रश्नाला उत्तराची अपेक्षा होती. दिलं. “आदरार्थी बहुवचन! एकटेच.”