चोरून घ्यावयाची विद्या

रुमानियाची राजधानी बुखारेस्ट. तिच्या नैर्ऋत्येस क्लेजानी नावाचे खेडे आहे. तेथे रोमा लोकांची वादक घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. अशा वादकांना तिकडे ‘लाउतारी’ म्हणतात. लग्नाच्या मांडवात व्हायोलिन, अकॉर्डियन आणि आपल्या संतुराच्या जातीचे त्सांबाल ही त्यांची वाद्ये. मुलांनो, रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून पश्चिमेस गेले. पाणी, नाक, कान यांना त्यांच्या भाषेत आजही जवळजवळ आपलेच शब्द आहेत!

हे संगीत शिकावयाचे कसे? स्वरलिपी आहे, ध्वनिमुद्रणे आहेत. मग वादकांच्या दारी कशाला जावे, असे कोणी विचारील. मला मात्र तेथे गेल्यावाचून गत्यंतर दिसत नाही. लाउतारी मुलगा बापाच्या किंवा चुलत्याच्या शेजारी बसतो, त्याची बोटे न्याहाळतो आणि ऐकलेले मनात साठवितो. कसब चोरावे लागते, असे तिकडे म्हणतात. ही चोरी धन्याच्या डोळ्यांदेखत होते आणि त्याला तिचे कौतुकच वाटते!

क्लेजानीचे वृद्ध वादक निकोलाय न्याक्शु २००२ साली वारले. व्हायोलिनच्या तारेला घोड्याचा केस बांधून ते तो राळ लावलेल्या बोटांनी ओढीत. त्यातून घोगरा, कण्हल्यासारखा स्वर निघे. कागदावर त्या स्वराचे नाव लिहिता येईल. केस किती दाबून ओढावा, हे त्या बोटांकडे पाहूनच कळावयाचे. स्वरलिपी निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. विसराळू माणसाला तिचा मोठा आधार असतो.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. वालाचिया आणि मोल्दाविया या प्रांतांत रोमा लोक शतकानुशतके गुलाम होते. सरदारांच्या वाड्यांत वाजविणारे वादकही धन्याच्या मालकीचे असत. १८५५-५६ साली ती प्रथा कायद्याने संपली. तिरस्कार मात्र संपला नाही. ज्यांच्या सुरांवर लोक नाचले, त्यांनाच त्यांनी गावाच्या कडेला ठेविले. आता त्यांचे सूर परस्पर उचलून कोणी नाव व पैसा मिळवू लागला, तर ती खरी चोरी होय. शिकणाऱ्याने त्यांच्या घरी जावे, त्यांना गुरू म्हणावे, योग्य मोबदला द्यावा. घरातले दहा वर्षांचे पोर कदाचित त्याची चूक दाखवील. तेव्हा त्याने रागावू नये. पुन्हा वाजवून दाखव, असे त्या पोरालाच म्हणावे.