संगणकाशी गट्टी : ओसरी कुणाची, कोठी कुणाची?

बालमित्रांनो, नाशिकला सरकारवाड्याच्या आसपास हिंडलात तर जुने वाडे पाहायला मिळतात. अशा वाड्यात पाहुणा ओसरीवर बसायचा, घरची माणसं माजघरात जायची आणि कोठीच्या खोलीची किल्ली मात्र आजीच्या कमरेला! कोणी कुठवर यायचं, हे ठरलेलं असायचं.

आज अशाच एका वाड्याची ओळख करून घेऊ. त्याचं नाव एफटीपी सर्व्हर. एका संगणकावरच्या फाइली दुसऱ्यावर न्यायच्या एका पद्धतीला एफटीपी म्हणतात आणि फाइली सांभाळून मागेल त्याला देणारा संगणक म्हणजे सर्व्हर. या पद्धतीचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ मध्ये लिहिला अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले हे विद्यार्थी तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. आहे की नाही अभिमानाची गोष्ट?

आता माझी फजिती ऐका. आमच्या कॉलनीतली मुलं पांडवलेण्यांच्या सहलीला गेली होती. सगळ्यांचे फोटो एकत्र राहावेत म्हणून मी घरातल्या जुन्या संगणकावर सर्व्हर बसवला. घाईघाईत सेटिंग ठेवली, 'पासवर्ड नको, कुणीही या. बघा, टाका, पुसा!' चौथ्याच दिवशी एका छोट्या दोस्ताने 'जागा संपेल' म्हणून जुने फोटो पुसून टाकले. त्यात शेजारच्या आजोबांचा लेण्यांच्या पायऱ्या चढतानाचा फोटो होता. कॅमेरा तर आम्ही केव्हाच रिकामा केला होता. आता गुडघ्यांमुळे आजोबांना त्या पायऱ्या पुन्हा चढता येणार नाहीत.

चूक त्या मुलाची का? छे! कोठीची किल्ली ओसरीवर मीच टाकली होती.

मग सेटिंग करायची कशी? चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, दारं. संगणकाच्या दारांना नंबर असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. एफटीपीचे हुकूम २१ नंबरच्या दारातून जातात, पण फाइली वेगळ्या दारातून. फायरवॉल नावाच्या पहारेकऱ्याला दोन्ही दारं सांगावी लागतात. नाहीतर गंमत होते : नाव-पासवर्ड चालतो, पण फाइलींची यादीच दिसत नाही!

दुसरी, नावं. प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्या. 'कुणीही या' ही सोय बंद.

तिसरी, खोली. ज्याला फोटो हवेत, त्याला फोटोंचाच फोल्डर दाखवा. बाबांच्या कामाचे कागद तिथे कशाला?

चौथी, मुभा. वाचणं, टाकणं आणि पुसणं या तीन वेगळ्या परवानग्या आहेत. पुसण्याची किल्ली एकाकडेच असू द्या.

आणखी एक. १९७१ च्या त्या साध्या पद्धतीत पासवर्ड पोस्टकार्डासारखा उघडा जातो. वाटेतला कुणीही वाचू शकतो. क्रोम आणि फायरफॉक्स यांनी २०२१ मध्ये एफटीपी बंद केलं. म्हणून घराबाहेर फाइल पाठवायची असेल, तर मजकूर कुलूपबंद करून नेणारी एफटीपीएस किंवा एसएफटीपी ही पद्धत वापरा. आणि हो, सेटिंग कितीही चोख असली, तरी महत्त्वाच्या फाइलीची दुसरी प्रत वेगळ्या जागी हवीच.

आता तुमचा गृहपाठ. संगणक सुरू करण्याआधी एका कागदावर तीन रकाने आखा : कोण, कुठल्या फोल्डरात, काय करू शकेल? घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि आई-बाबांना दाखवा. हा कागद नीट जमला, की सर्व्हरचं निम्मं काम झालंच म्हणून समजा.

आणि कोठीची किल्ली कुणाकडे द्यायची, ते सगळ्यांनी मिळून ठरवा बरं का!