ट्रायल जुलैत, पोरं सप्टेंबरात!

सहा-शून्य.

हा आकडा मोठ्यानं म्हणायचा नाही असं आमच्या टीममध्ये ठरलंय, म्हणून इथे लिहितोय. झोनलच्या पहिल्याच मॅचला कोल्हापूरच्या एका कॉलेजनं आम्हाला सहा गोल घातले. सातवा रेफ्रीनं ऑफसाईड दिला म्हणून वाचलो. परत येताना एस.टी.त कोणी कोणाशी बोलत नव्हतं. जयसिंगपूरच्या आसपास कंडक्टर मामांनी आमच्या बॅगा बघून विचारलं, "काय पोरांनो, जिंकलासा का?" तर आमचा कॅप्टन म्हणाला, "क्विझ होती मामा." क्विझ!

मंडळी, सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी साताऱ्याचा असलो तरी कॉन्व्हेंटचा. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाईन की सिक्स्टी नाईन हे मला अजून मनात मोजून बघावं लागतं. शुद्धलेखन मराठी विभागाच्या मॅडमनी तपासून दिलंय. मतं मात्र माझी आहेत, त्यांना बोल लावू नये.

तर त्या रात्री मेसमध्ये फुटबॉलवर जेवढी चर्चा झाली तेवढी अख्ख्या सीझनमध्ये झाली नव्हती. ज्यांनी आयुष्यात कधी बॉलला लाथ मारली नाही त्यांनीसुद्धा एका हातात चपाती धरून उपाय सांगितले. सगळ्यांचं एकमत एवढंच, की टीम बदला. "सगळीच्या सगळी बदला! नवीन पोरं घ्या!" एक सीनियर तर म्हणाला, गोली पहिला हाकला. गोली बिचारा समोरच आमटी वाढून घेत होता.

आता मला विचाराल तर टीम बदलायलाच पाहिजे. पण "सगळी बदला" हे जे आहे ना, ते ऐकायला बरं वाटतं आणि करायला गेलं की अंगाशी येतं. आपल्याच राज्यातलं एक उदाहरण सांगतो.

पुण्यात बालेवाडीला एफसी पुणे सिटी नावाची टीम होती. 2014 पासून आयएसएल खेळायची. 2017-18 ला सेमीफायनलपर्यंत गेली, पुढच्या वर्षी सातवी आली, आणि 2019 मध्ये क्लबच बंद पडला. तिची जागा घेतली नव्या हैदराबाद एफसीनं, आणि पुण्याचे बरेच खेळाडू तिकडे गेले. पहिल्या सीझनला म्हणजे 2019-20 ला हैदराबादनं काय दिवे लावले? 18 मॅच, 2 विजय, 10 पॉइंट, 39 गोल खाल्ले. दहा टीममध्ये दहावे. म्हणजे अगदी आपल्यासारखेच, फक्त टीव्हीवर.

मग त्यांनी काय केलं? नेमलेला कोच ऐनवेळी बार्सिलोनाला निघून गेला, तेव्हा ऑगस्ट 2020 मध्ये मनोलो मार्केझ आले. त्यांच्या टीममध्ये आकाश मिश्रा आला, अठरा-एकोणीस वर्षांचा, लेफ्ट बॅक. (लेफ्ट बॅक हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) पलीकडच्या बाजूला आशिष राय, तोही पोरगाच. पण गंमत अशी की सगळ्या जुन्यांना त्यांनी हाकललं नाही. निखिल पुजारी राहिला, मोहम्मद यासिर राहिला, गोव्याचा गोली लक्ष्मीकांत कट्टीमनी राहिला. 2020-21 ला पाचवे आले. वीस मॅचमध्ये अकरा ड्रॉ! म्हणजे जिंकायला अजून शिकले नव्हते, पण हरायचं बंद केलं होतं. 39 गोल खाणारी टीम त्या वर्षी 19 वर आली. माझ्या मते हैदराबादची खरी कमाई ती होती, कप नंतरचा.

कप 2022 ला आला. 20 मार्चला फातोर्ड्याला केरला ब्लास्टर्सबरोबर फायनल. केरला एक गोलनं पुढे, आणि 88 व्या मिनिटाला साहिल तावोरा या गोव्याच्याच पोरानं बरोबरी केली. मग टायब्रेकर, आणि त्यात कट्टीमनीनं तीन पेनल्टी अडवल्या. तोच कट्टीमनी, जो तळाला गेलेल्या वर्षीही टीममध्येच होता. त्या वर्षी त्यांच्या मेसमध्ये कोणी "गोली हाकला" म्हणालं असेल का, मला शंका आहे. असेलच. मेस ही सगळीकडे सारखीच!

अजून एक. त्या जिंकलेल्या स्क्वॉडमध्ये आपल्या शेजारचा, कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. 2017 च्या अंडर-17 वर्ल्ड कपला भारताकडून खेळलेला. हे मी इथे मुद्दाम लिहितोय, कारण हॉस्टेलला फुटबॉल म्हटलं की सगळ्यांना मँचेस्टरच आठवतं.

कोणी म्हणेल, मुंबई सिटीनं तर एका वर्षात केलं. खरं आहे. 2019-20 ला पाचवे, आणि 2020-21 ला लीगची शील्डही त्यांची आणि कपही त्यांचाच. पण त्यांनी गोव्याचे कोच लोबेरा आणले, आणि त्यांच्या मागोमाग फॉल, जाहू, बूमूस, मंदार राव देसाई असे गोव्याचे तयार खेळाडूच आले. पाठीशी मँचेस्टर सिटीवाल्यांचे पैसे. आपल्या जिमखान्याकडे नवीन नेट घ्यायला पैसे नाहीत (जुनी नेट क्रिकेटवाल्यांनी प्रॅक्टिसला नेली, ती परत आलेली नाही, असो). तेव्हा तो रस्ता आपला नाही.

आणि सगळीच टीम जाते तेव्हा काय होतं हेही हैदराबादनंच दाखवलं. पुढे क्लबची पैशाची अडचण झाली, पगार थकले, मोठे खेळाडू सोडून गेले. 2023-24 ला उरलेली पोरं घेऊन खेळले. 22 मॅचमध्ये एक विजय, 8 पॉइंट, पुन्हा तळाला. पोरं वाईट नव्हती हो. त्यांच्या शेजारी उभं राहून "डावीकडं बघ, माणूस सुटलाय" म्हणून ओरडणारं कोणी उरलं नव्हतं.

आता आपल्याकडे वळू.

कॉलेजची टीम ही क्लबपेक्षा एका बाबतीत गरीब आहे. क्लबला खेळाडू जाणार की राहणार ते माहीत नसतं. आपल्याला चांगलं माहीत असतं. दर जूनला फायनल इयर जाणारच. त्यांना करारावर सही करून थांबवता येत नाही (एखादा के.टी.मुळे थांबतो, पण ते काही धोरण म्हणून बरं नव्हे). म्हणजे आपण दर वर्षी टीम नव्यानं बांधायची आहे, आणि हे आपल्याला वर्षभर आधी माहीत आहे, तरी दर वर्षी आपण जुलैत जागे होतो.

गेल्या सीझनची आमची यादी सांगतो. अठरा पोरं. फायनल इयर आठ, थर्ड इयर सात, सेकंड इयर तीन. फर्स्ट इयर शून्य. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला येणारेही शून्य.

शून्य का? फर्स्ट इयरला फुटबॉल येत नाही म्हणून? नाही. ट्रायल जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात झाली म्हणून! तेव्हा फर्स्ट इयर या कॉलेजात आलेलंच नसतं. गेली काही वर्षं प्रवेशाच्या फेऱ्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत लांबतात. पोरगं बिचारं घरी बसून कॉलेजांचे पसंतीक्रम भरत असतं. डिप्लोमावाले तर त्याच्याही नंतर येतात. ते ट्रंक आणि गादी घेऊन हॉस्टेलला पोचतात तेव्हा टीम ठरून जर्सीवर नंबरसुद्धा छापून झालेले असतात. कोणी मुद्दाम कोणाला बाहेर ठेवलं असं मी म्हणत नाही. ही तारीख फार पूर्वी कधीतरी ठरली, तेव्हा बहुतेक प्रवेश वेळेवर होत असतील. मग प्रवेश सरकले आणि तारीख तिथेच राहिली. एवढंच झालंय.

बरं, डिप्लोमावाले म्हणजे कोण? आपण सांगलीत आहोत. कोल्हापूर इथून तास-दीड तासावर. तिथं फुटबॉल हा पेठेचा विषय आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब... कुस्तीच्या तालमींच्या नावानं फुटबॉलच्या टीम चालतात, आणि शाहू स्टेडियमला मॅच असली की घरची कामं सोडून माणसं येऊन बसतात. हंगामाआधी कोणता खेळाडू कुठल्या तालमीतून कुठं गेला, याच्या बातम्या तिथल्या पेपरात छापून येतात. लहानपणापासून हे बघत वाढलेली पोरं डिप्लोमा करून आपल्याकडे येतात. आणि आपण त्यांना काय सांगतो? "ट्रायल झाली, पुढच्या वर्षी ये."

असाच एक इलेक्ट्रिकलचा पोरगा आहे. नाव लिहीत नाही, लाजेल. संध्याकाळी मेसच्या मागच्या पटांगणात मेसच्या पोरांबरोबर अनवाणी खेळतो. त्या दिवशी तो कोल्हापूरला मॅच बघायला आला होता, घरी जायचंच होतं म्हणून. मॅच संपल्यावर मी बूट सोडून बाजूला बसलो होतो. तो शेजारी येऊन बसला, आणि मला कोणी राखीव खेळाडू समजून म्हणाला, "तुमचा लेफ्ट बॅक सारखा बॉलकडंच बघतोय बघा. मानसाकडं बघतच न्हाई."

लेफ्ट बॅक मी होतो.

सहातले चार गोल माझ्या बाजूनं झाले. हे मला मॅच चालू असतानाच कळत होतं, पण का होतायत ते कळत नव्हतं. ते त्यानं एका वाक्यात सांगितलं. नंतर मी पटांगणात त्याला नीट बघितलं. डाव्या पायाचा आहे. मी डावीकडे उभा राहतो ते फक्त तिथं कोणी उभं राहायला तयार नव्हतं म्हणून. साताऱ्याला शाळेत आमचे पी.टी.चे सर रांग लावून "तू बॅक, तू फॉरवर्ड" असं वाटायचे, तेव्हापासून मी बॅक.

आता सीनियर लोकांची बाजूही लिहितो, कारण ती माझीही आहे. पुढच्या वर्षी मी फायनल इयरला. पहिल्या वर्षी मी बाहेरून टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या वर्षी पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि एकूण अकरा मिनिटं खेळलो. तिसऱ्या वर्षी जागा मिळाली. आमच्यातल्या प्रत्येकाचा हाच हिशोब आहे. "आम्ही बाटल्या भरल्या, आता आमची पाळी." हा हिशोब चुकीचा आहे असं तोंडावर म्हणायला जड जातं. शिवाय कॅम्पसच्या वेळी बायोडाटात "कॉलेज टीम, फुटबॉल" ही ओळ असते. घरी आईनं माझा जर्सीतला फोटो शोकेसमध्ये लावलाय. (सहा-शून्य तिला सांगितलेलं नाही. हा अंक घरी नेणार नाही.)

पण बाटल्या भरण्याचं बक्षीस म्हणून बचावफळीतली जागा द्यायची, तर मग गोल मोजायला बसू नये.

माझं म्हणणं असं. जुलैची ट्रायल ठेवा, पण अठरातली अकराच नावं त्या दिवशी ठरवा. उरलेल्या सात जागा फर्स्ट इयर आणि डिप्लोमावाले आल्यावर, सप्टेंबरच्या दुसऱ्या ट्रायलपर्यंत मोकळ्या ठेवा. फिजिकल डायरेक्टर सरांना मी हे विचारलं. सर म्हणाले, यादी वेळेत पाठवावी लागते. बरोबर आहे. पण सर, गेल्या वर्षी आपली यादी सप्टेंबरच्या शेवटी गेली. महिनाअखेरपर्यंत वेळ होता, आणि नावं मात्र जुलैपासून ठरलेली होती. सर हसले आणि "बघू" म्हणाले. सरांचं "बघू" म्हणजे नाही नव्हे, हे जुन्या लोकांना माहीत आहे.

गोली तोच ठेवा. सहा खाल्ले, पण किमान आठ अडवले. मी त्याच्या सगळ्यात जवळ होतो, मला माहीत आहे. मधल्या फळीतले आमचे दोघं राहू द्या, ते ओरडतात. त्यांच्या ओरडण्यातच नवीन पोरं शिकतील. फॉरवर्डला तर कोणीही घ्या, तिथं बॉल पोचलाच नव्हता, त्यामुळे चांगला-वाईट कळायला मार्ग नाही.

आणि हॉस्टेलच्या विंगवार मॅच पावसाळ्यानंतर परत चालू करा. पूर्वी व्हायच्या म्हणे. एका संध्याकाळच्या ट्रायलमध्ये पोरगं घाबरलेलं असतं, दहा मिनिटांत त्याचं काय कळणार? विंगच्या मॅचला तो आपल्या रूम पार्टनरांसमोर खेळतो, तिथं खरं काय ते दिसतं. रेक्टर सरांना विनंती, की त्या दिवशी गेटची वेळ अर्धा तास वाढवून मिळावी.

लेफ्ट बॅकचं काय, असं माझा रूम पार्टनर हा लेख वाचून म्हणाला. "तू स्वतःचीच विकेट काढतोयस." (तो क्रिकेटवाला आहे. नेट त्यांच्याकडेच आहे.) काढतोय कदाचित. पण मी दुसऱ्या ट्रायललाही उतरणार आहे, त्याच जागेसाठी, त्या इलेक्ट्रिकलवाल्याच्या समोर. सध्या रोज संध्याकाळी त्याच्याबरोबरच खेळतोय. बॉलकडं बघितलं की तो लांबून ओरडतो, "मानूस! मानूस!"

त्याच्याकडे स्टड नाहीत. साईज आठ. कोणा फायनल इयरवाल्याचे जाताना उरणार असतील तर बी विंग, पहिला मजला, पाण्याच्या कूलरशेजारची रूम. माझे त्याला बसत नाहीत, घालून बघितले.