कढीपत्त्यावरची अळी

बालवाडीच्या भिंतीवर फुलपाखराच्या जीवनक्रमाचा तक्ता हमखास टांगलेला असतो. अंडे, अळी, कोष, फुलपाखरू. चार चित्रे आणि चार बाण. मुले ती चित्रे रंगवतात, क्रम पाठ करतात आणि पाल्याला विज्ञान आले म्हणून पालक संतोष पावतात. त्याच घरातील गॅलरीत, कुंडीतल्या कढीपत्त्यावर खरीखुरी अळी दिसली की मात्र ती फांदीसकट खुडून केराच्या टोपलीत जाते. तक्त्यावरची अळी म्हणजे ज्ञान आणि झाडावरची अळी म्हणजे किळस, हा धडा मूल न शिकवताच शिकते.

वास्तविक कढीपत्ता आणि लिंबू यांवर वाढणारे फुलपाखरू शहरातही सहज आढळते. मादी कोवळ्या पानावर मोहरीएवढे फिकट पिवळे अंडे घालते. तीन-चार दिवसांत बाहेर पडणारी अळी प्रथम हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. शत्रूने तिच्याकडे ढुंकूनही पाहू नये, यासाठीचीच ही योजना! कात टाकत ती वाढते आणि शेवटी पानासारखी हिरवीगार होते. धक्का लागताच डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेले शिंग बाहेर काढते व उग्र दर्प सोडते. हे पाहिलेल्या पाच वर्षांच्या मुलाला ‘स्वसंरक्षण’ या शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

मग ती रेशमी धाग्याने स्वतःला फांदीशी बांधून कोषात जाते आणि कित्येक दिवस काहीच घडत नाही. खरे शिक्षण येथेच आहे. बटण दाबताच चित्र बदलणाऱ्या पडद्याची सवय जडलेल्या मुलाला रोज सकाळी जाऊन ‘आज नाही’ एवढेच पाहून परतावे लागते. कधी कोषातून फुलपाखराऐवजी इवल्या परोपजीवी माश्या बाहेर पडतात. मूल रडते. त्या वेळी त्याला खोटे सांगून दुसरा कोष दाखवणारे वडीलधारे त्याची फसवणूक करतात. पंख चुरगळलेले फुलपाखरू बाहेर येताना त्याला ‘मदत’ करण्याचा मोहही मोठ्यांनाच अधिक होतो; त्याने पंखांना कायमची इजा होऊ शकते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर पाने, बिया, शंख-शिंपले हीच शिक्षणाची साधने मानली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ या वयोगटासाठी खेळ व कृती यांवर भर दिला. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू घोषित करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. त्या ‘ब्लू मॉरमॉन’च्या अळ्यांनाही लिंबाच्या कुळातीलच झाडे लागतात. इतके असूनही शाळेच्या आवारात लिंबाचे झाड नसते, आणि असलेच तर त्यावर कीटकनाशक फवारलेले असते.

एक कुंडी, एक कढीपत्त्याचे रोप आणि त्यावर औषध न मारण्याचा निश्चय. बालवाडीला याहून अधिक खर्च नाही. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा रोपाला नवी पालवी फुटू लागलेली असते.