पाचवा फोटो

आंतरराष्ट्रीय मान्यता असलेल्या छायाचित्र स्पर्धांत एका विभागात बहुतेक वेळा चारच फोटो पाठवता येतात. हौशी छायाचित्रकाराची झोप हा चारचा आकडा उडवतो. भिगवणला पहाटे होडीत बसून काढलेल्या पाच-सहाशे फ्रेम, त्यांतल्या चाळीस बऱ्या, चाळिसांतल्या दहा चांगल्या. मग शेवटच्या रात्री चार ठरतात आणि पाचवा राहतो. निकाल लागतो, चर्चा त्या चारांची होते, आणि पाचवा हार्ड डिस्कवर पडून राहतो.

आम्ही पुण्यातले दहा-बारा जण महिन्यातून एका रविवारी भेटतो ते फक्त या पाचव्या फोटोंसाठी. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी दंतवैद्य, एक जण एसटीत वाहक. स्पर्धेत जाऊन आलेला फोटो इथे आणायचा नाही. स्पर्धेला जाऊन आलेल्या फोटोवर शिक्का बसलेला असतो. बक्षीस मिळालं असेल तर सगळे कौतुक करतात, नाकारला गेला असेल तर सगळे समजूत घालतात किंवा परीक्षकांना नावं ठेवतात. दोन्ही वेळा फोटो बघायचा राहूनच जातो. न पाठवलेल्या फोटोला मात्र सरळ विचारता येतं: तुला का ठेवलं मागे?

बँकेतल्या काकांनी मागच्या हिवाळ्यात भिगवणचा फोटो आणला होता. स्पर्धेला त्यांनी उडते रोहित पाठवले होते, पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासकट. मागे राहिलेल्या फोटोत अर्धी चौकट नावाड्याच्या पाठीने भरली होती. तो बांबू रोवून होडी रेटतोय, शर्टावर घामाचा ओला नकाशा, आणि पलीकडे पक्ष्यांची एक पुसट गुलाबी रेघ.

“काका, हा का नाही पाठवलात?”

“पक्षी शार्प नाहीत. आणि निसर्ग विभागात माणूस चालत नाही.”

दोन्ही कारणं खरी होती. निसर्ग विभागाच्या नियमांत माणूस किंवा माणसाच्या खुणा सहसा वर्ज्य असतात, आणि त्या विभागापुरता तो नियम योग्यच आहे. पण भिगवणचं पाणी म्हणजे उजनी धरणाचा फुगवटा. त्या पाण्याखाली शेतं आहेत, गावं आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. हिवाळ्यात आपल्याला पक्षी दाखवायला नेणारे अनेक नावाडी मूळचे मासेमार आहेत. काकांच्या त्या फोटोत हे सगळं पाठीच्या एका वाकण्यात आलं होतं. पक्षी शार्प नाहीत हा त्या फोटोचा दोष नव्हताच, कारण फोटो पक्ष्यांचा नव्हता. काका पंधरा वर्षं तिथे जातायत. घरी जाऊन त्यांनी जुन्या फाइली उघडल्या, तर नावाड्यांचे असे बरेच फोटो निघाले. एकही कधी कुणाला दाखवलेला नव्हता.

माझी तक्रार इथे आहे. स्पर्धेचे नियम स्पर्धेपुरते असतात, पण हळूहळू ते आपल्या डोळ्यांत उतरतात. आधी आपण परीक्षकांना आवडणार नाही तो फोटो पाठवत नाही. मग तो जपून ठेवत नाही. शेवटी तो काढतही नाही. दरवर्षी ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढते तेव्हा वरच्या वळणावर कॅमेऱ्यांची रांग लागते, आणि तोच नागमोडी रस्ता, त्याच पताका, तोच पांढरा प्रवाह शेकडो कार्डांवर उतरतो. ते दृश्य भव्य आहे, मीही ते काढलंय. पण पुण्याहून सासवडची ती मोठी मजल चालून गेल्यावर माणसाच्या पायांचं काय होतं, हे मी वारीच्या बक्षीसपात्र फोटोंत फार क्वचित पाहिलंय.

मागे ठेवलेल्या फोटोंची किंमत कळायला जगाच्या छायाचित्र-इतिहासातला एक प्रकल्प पुरेसा आहे. अमेरिकेतल्या महामंदीच्या काळात रॉय स्ट्रायकर या अधिकाऱ्याच्या हाताखाली सरकारी छायाचित्रकार गावोगाव हिंडत होते. त्यांतल्या डोरोथिया लँगने 1936 मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला, तो जगभर ‘मायग्रंट मदर’ म्हणून ओळखला जातो. त्याच वेळी काढलेल्या बाकीच्या फ्रेमही जपल्या गेल्या. त्या पाहिल्या की लँग लांबून, अख्खा तंबू दिसेल अशा जागेवरून कशी जवळ जवळ सरकत गेली ते कळतं. एका फ्रेममध्ये झुलत्या खुर्चीत बसलेली थोरली मुलगी आहे, प्रसिद्ध फोटोत ती नाही. काय सोडल्यावर तो चेहरा उरला, हे त्या बाजूला पडलेल्या फ्रेम शिकवतात. आणि हाच स्ट्रायकर नको असलेल्या निगेटिव्हला पंचने भोक पाडत असे. आज त्या निगेटिव्हच्या प्रती निघतात तेव्हा कुणाच्या तोंडावर, कुणाच्या शेतावर काळी गोल चकती दिसते. ती चकती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला पोटात कालवल्यासारखं झालं. कार्डावरची जागा मोकळी करायला आपण रात्री भराभर फोटो उडवतो, तेव्हा चकतीही मागे राहत नाही.

एकमेकांचं काम मांडून त्यावर बोलण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सदस्य होते. कॅमेरा हाताळणाऱ्या हिंदी माणसांच्या पहिल्या पिढीतले ते. फोटो म्हणजे चार माणसांत धरून बघायची वस्तू, ही समज या हौशी मंडळांनीच टिकवली.

आम्ही म्हणूनच फोटो कागदावर छापून आणतो, आठ बाय बारा इंचांचा. तो हातोहात फिरतो. पहिली पाच मिनिटं फोटो काढणाऱ्याने बोलायचं नाही. तो बोलू लागला की आपण त्याची पहाट, त्याची थंडी, त्याची वणवण ऐकत बसतो आणि फोटो मांडीवर तसाच राहतो. लेन्स कोणती, शटर किती, हेही शेवटी. ‘मस्त’ आणि ‘मी असतो तर’ या दोन्हींना बंदी. पहिलं बोलणं टाळायचा मार्ग आहे, आणि दुसऱ्यात आपण समोरच्याचा फोटो बाजूला सारून स्वतःचा काढायला लागतो. ‘इथून क्रॉप कर’, ‘ब्लॅक अँड व्हाइट करून बघ’ हे उपायही लगेच सांगायचे नाहीत. आधी नजर कुठे गेली, कुठे अडली, कुठून बाहेर पडली एवढंच सांगायचं. हे वाटतं त्याहून फार अवघड आहे.

आणि ते नेहमी गोड नसतं. एसटीतल्या आमच्या मित्राने गावाकडच्या घरातला फोटो आणला होता. आई फुंकणीने चूल पेटवतेय. त्याचा अतिशय जिवाचा फोटो. तो हातोहात फिरला, कुणी बोलेना. अखेर दंतवैद्य ताई म्हणाल्या, “धूर तुम्हाला दिसतोय, कारण तुम्ही तिथे होतात. कागदावर काळोख आहे आणि एक हात.” त्याला ते लागलं. दोन महिने तो आला नाही. मला त्या दिवशी ताईंचा राग आला होता, आज वाटतं की त्या बोलल्या नसत्या तर आम्ही त्याला फसवलं असतं. तिसऱ्या महिन्यात तो त्याच सकाळची दुसरी फ्रेम घेऊन आला. फुंकणी बाजूला टेकवलेली, आई पदराने डोळे पुसतेय. चूल चौकटीत जेमतेम आहे, धूर जवळजवळ नाही. तरी फोटो बघताना आमच्यातल्या एकीने नकळत डोळे बारीक केले.

गेल्या रविवारी ताईंची पाळी होती. त्यांनी सासवडच्या मुक्कामातला फोटो आणला: ओसरीवर बसलेली एक वारकरी बाई तळपायाची पट्टी सोडतेय, शेजारी तुळशीवृंदावन उतरवून ठेवलंय. “दिवे घाटाचे चार पाठवले, हा काळपट आला म्हणून राहिला,” एवढंच त्या पाच मिनिटांनंतर म्हणाल्या. काळपट तो आहेच, पायावर उजेड पुरेसा नाही, आणि आम्ही ते सांगितलं. पण काकांना डाव्या कडेला अर्धवट कापलेला एक हात दिसला. पितळेचा तांब्या पुढे करणारा, बांगड्यांचा, बहुधा त्या घरातल्या बाईचा. फोटो काढल्यापासून ताईंनी तो हात पाहिलाच नव्हता. आधीच्या आणि नंतरच्या मिळून आणखी सहा फ्रेम त्यांच्याकडे आहेत म्हणतात. त्या सगळ्या, एकही न वगळता, त्यांना पुढच्या बैठकीला छापून आणायला सांगितलं आहे.