वॉशिंग्टनचं मृत्युपत्र आणि वाटणीत गेलेली माणसं

पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर पुढे सरका, पण अर्धी वाचून कमेंट टाकू नका.

गेले काही दिवस आपल्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. जॉर्ज वॉशिंग्टनने मृत्युपत्र करून आपले सगळे गुलाम मुक्त केले, बघा केवढं मोठं मन, वगैरे. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. माझं निम्मं आयुष्य दिवाणी कोर्टात वाटपाचे दावे चालवण्यात गेलंय. मृत्युपत्र समोर आलं की मी आधी दोन गोष्टी बघतो. देणाऱ्याच्या मालकीचं नेमकं किती होतं? आणि दिलेलं घेणाऱ्याच्या हातात कधी पडणार? हेच दोन प्रश्न या मृत्युपत्राला विचारू या.

१७९९ साली वॉशिंग्टनने माउंट व्हर्ननवरच्या गुलामांची यादी केली. एकूण माणसं ३१७. त्यातली त्याच्या मालकीची १२३. चाळीसएक भाड्याने आणलेली. आणि १५३ माणसं त्याच्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतली. म्हणजे 'सगळे' हा शब्द इथेच गळून पडला. निम्म्याहून जास्त माणसांना या मृत्युपत्राने काहीच मिळणार नव्हतं.

ही १५३ माणसं कुठून आली ते नीट बघा, खरी गोम तिथे आहे. मार्थाचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करताच मेला. व्हर्जिनियाच्या कायद्याप्रमाणे विधवेला इस्टेटीचा एक तृतीयांश हिस्सा, पण फक्त हयातीपुरता. तिने वापरायचा, तिच्यामागे पहिल्या नवऱ्याच्या वारसांकडे जायचा. (१९५६ च्या आधी आपल्याकडे विधवेचा हक्क असाच मर्यादित असायचा, जुन्या वकिलांना लगेच कळेल.) या हिश्शात जमीन होती तशी माणसंही होती. १७५९ मध्ये मार्थाचं वॉशिंग्टनशी लग्न झालं तेव्हा अशी सुमारे ८४ माणसं तिच्यासोबत आली. चाळीस वर्षांत त्यांची १५३ झाली. कशी झाली? पोरं झाली. १६६२ पासून व्हर्जिनियात कायदा होता की मूल आईच्या स्थितीला जाईल. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो, अगदी मालक स्वतः असला तरी. आई ज्या इस्टेटीची, मूल त्याच इस्टेटीचं. तिथली मृत्युपत्रं वाचा, बाईचं नाव लिहून पुढे 'आणि तिची होणारी पैदास' असं सरळ लिहिलेलं असतं. जन्माला न आलेलं मूल आधीच कुणाच्या तरी मुलीच्या वाट्याला लागलेलं.

आणखी एक कायदा सांगतो. १७०५ मध्ये व्हर्जिनियाने गुलामांना वारसाहक्कापुरती स्थावर मालमत्ता ठरवलं. स्थावर! चालताबोलता माणूस, जो रात्री पळून जाईल म्हणून पहारा ठेवता, तो कागदावर स्थावर. कारण साधं होतं. तंबाखूच्या जमिनीला राबणारे हात नसतील तर जमीन काय कामाची? म्हणून हात जमिनीला बांधून वारसाकडे पाठवायचे. १७९२ मध्ये त्यांना पुन्हा जंगम केलं. माणूस तोच, शेतही तेच, फक्त रकाना बदलला.

आता दुसरा प्रश्न, ताबा कधी? वॉशिंग्टनने लिहिलं की माझे गुलाम माझ्या बायकोच्या मृत्यूनंतर मुक्त व्हावेत. लगेच सुटला फक्त विल्यम ली, त्याचा जुना खासगी नोकर, वर्षाला ३० डॉलर तनख्यासह. बाकी शंभरावर माणसांचं स्वातंत्र्य एका म्हातारीच्या श्वासाला टांगलेलं. घरात तीच माणसं स्वयंपाक करणार, तीच चूल पेटवणार. मार्थाला भीती वाटली, आणि अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सने तेव्हाच्या एका पत्रात तसं लिहूनही ठेवलंय. शेवटी मार्थाने वाट न बघता १ जानेवारी १८०१ ला या लोकांना सोडलं. मनाच्या मोठेपणाची चर्चा करणाऱ्यांनी त्या घरात त्या वर्षभर काय वातावरण असेल याचाही विचार करावा.

इतक्या वर्षांत वॉशिंग्टनच्या माणसांची आणि कस्टिस इस्टेटीच्या माणसांची आपसात लग्नं झाली होती. नवरा वॉशिंग्टनचा, बायको कस्टिसची. नवरा सुटला, बायको-पोरं राहिली. १८०२ मध्ये मार्था गेली आणि कस्टिसची माणसं तिच्या चार नातवंडांत वाटली गेली, चार घरी. आपल्याकडे वाटपात भांडीकुंडी मोजताना भावाभावांत मारामाऱ्या होतात. इथे मोजायला चुलीपुढची बाईच होती. मार्थाच्या स्वतःच्या नावावर एलिश नावाचा एक माणूस होता. तो तरी तिने सोडला असेल? नाही, नातवाला दिला.

"त्याला कायद्याने कस्टिसचे गुलाम सोडता येत नव्हते," असं कुणीतरी लिहिणारच. मान्य. पण स्वतःचे येत होते ना? १७८२ मध्ये व्हर्जिनियाने मालकांना गुलाम मुक्त करायची मुभा दिली. त्यानंतर वॉशिंग्टन सतरा वर्षं जगला. आणि "त्या काळी सगळेच तसे होते" हे तर मला ऐकवूच नका. त्याच व्हर्जिनियात, नोमिनी हॉलच्या रॉबर्ट कार्टरने १७९१ मध्ये, स्वतः जिवंत असताना, दस्त करून साडेचारशेहून जास्त माणसांना टप्प्याटप्प्याने मुक्त करायला घेतलं. शेजारीपाजारी नाराज झाले. त्याने केलं. त्याचं नाव कुठल्या नोटेवर नाही आणि तुमच्या फॉरवर्डमध्येही नाही.

ओना जज ठाऊक आहे का? कस्टिस इस्टेटीतली मुलगी, मार्थाची खास दासी. मार्था आपल्याला तिच्या नातीला लग्नाची भेट म्हणून देणार हे तिला कळलं आणि १७९६ मध्ये ती फिलाडेल्फियातल्या राष्ट्राध्यक्षांच्या घरातून पळाली. न्यू हॅम्पशायरला गेली, लग्न केलं, मुलं झाली. वॉशिंग्टनने तिला परत आणायला माणसं धाडली, ती सापडली नाही असं नाही, आली नाही. पण कायद्याच्या दृष्टीने ती आणि तिची मुलं शेवटपर्यंत कस्टिस वारसांची मालमत्ताच राहिली. १८४८ मध्ये वारली तेव्हाही.

आता या घराण्याचा पुढचा अंक. मार्थाचा तो नातू, जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस, १८५७ मध्ये वारला. त्याचं मृत्युपत्र पुन्हा तसंच दयाळू. गुलामांना पाच वर्षांच्या आत मुक्त करा. पण त्याच मृत्युपत्रात चार नातींना प्रत्येकी १०,००० डॉलर द्यायचे होते, आणि इस्टेटीवर कर्ज होतं. व्यवस्थापक कोण? जावई, रॉबर्ट ई. ली. हो, तोच दक्षिणेचा सेनापती. लीने हिशोब मांडला की नातींचे पैसे उभे राहिले पाहिजेत, म्हणून आधी ही माणसं राबतील आणि मग सुटतील. त्यांची समजूत होती की म्हातारा गेला की आपण मोकळे. १८५९ मध्ये वेस्ली नॉरिस आणि आणखी दोघं पळाले, मेरीलँडमध्ये पकडले गेले. परत आणून त्यांना फटके मारले, नॉरिसने पुढे १८६६ मध्ये ते जाहीर सांगितलं. लीने मुदत वाढवून मिळावी म्हणून कोर्टातही धाव घेतली. अखेर मुक्तीचा कागद झाला तो १८६२ च्या डिसेंबरात, पाच वर्षांची मुदत उलटल्यावर आणि युद्ध ऐन भरात असताना. १७५७ ते १८६२. एका घराण्याची एक वाटणी, एकशे पाच वर्षं चाललेली.

जेफरसनबद्दल थोडक्यात. सासरा जॉन वेल्स १७७३ मध्ये वारला आणि जावयाच्या वाट्याला जमिनीसोबत १३५ माणसं आली, आणि सासऱ्याचं कर्जही. त्या माणसांत तान्ही सॅली हेमिंग्ज होती, जी जेफरसनच्या बायकोची एकाच बापाची सावत्र बहीण मानली जाते. बहिणीच्या वाट्याला बहीण. 'सर्व माणसं समान' लिहिणारा हा गृहस्थ १८२६ मध्ये एक लाख डॉलरहून जास्त कर्ज ठेवून गेला. मृत्युपत्राने पाच जण सुटले. जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिसेलोच्या अंगणात १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. सुटलेल्या पाचांत जो फॉसेट हा लोहार होता. त्याची बायको ईडिथ आणि मुलं त्या लिलावात वेगवेगळ्या गिऱ्हाइकांकडे गेली. मुलगा पीटर अकरा वर्षांचा होता. मालक चांगला की वाईट हा प्रश्नच गौण ठरतो तो इथे. मालक मेला की पहिला हक्क सावकाराचा, दुसरा वारसाचा. गुलामाच्या बायकोपोरांचा हक्क कुठल्याच क्रमांकावर नव्हता.

आता शेवटचा, नेहमीचा मुद्दा: "पण आजच्या पिढीचा काय दोष?" दोषाचं मला माहीत नाही, मी फौजदारी वकील नाही. दिवाणीतलं सांगतो. मयताची मालमत्ता घेतली की मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत वारस मयताचं देणं लागतो. बंगला माझा, शेत माझं आणि उधारी आजोबांची, असं कुठलंच कोर्ट ऐकत नाही. अमेरिकेत ही उधारी मागितली की मात्र लोक म्हणतात, फार जुनं झालं हो. जमीन जुनी झाली नाही ती? त्यावरचे खांबवाले वाडे तिकीट लावून दाखवतातच की.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. त्यांनी आभार कुणाचे मानले ते बघा. गुलामी मोडणाऱ्यांचे. ती मृत्युपत्रातून पुढे ढकलणाऱ्यांचे नाही.

आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुलं तिकडे आहेत, उन्हाळ्यात वॉशिंग्टनला जाणं होतं, माउंट व्हर्ननला फोटो निघतात. समाधीपासून थोडं पुढे चालत गेलात की झाडीत गुलामांची दफनभूमी आहे. तिथे १९२९ चा एक दगड आहे आणि १९८३ मध्ये उभारलेलं स्मारक. बहुतेक बस परत निघते तेव्हा तिकडे कोणी वळलेलं नसतं. तुम्ही वळा.