वॉलेट बिघडलं, आता वॉरंटी कोण देणार?

आज जरा वेगळा विषय. ग्राहक तक्रारींचं काम थोडंफार करतो म्हणून लोक बिलं घेऊन येतात. मिक्सर, इन्व्हर्टर, मोबाइल, कधी हप्त्यावर घेतलेली गाडी. गेल्या वर्ष-दीड वर्षात त्यात एक नवीन वस्तू यायला लागली आहे, ती म्हणजे क्रिप्टोचं हार्डवेअर वॉलेट. पेनड्राइव्हएवढं यंत्र, छोटी स्क्रीन, दोन बटणं. साधारण सात-आठ हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत मिळतं. बिघडलं की माणूस जेवढा घाबरतो तेवढा फ्रीज बंद पडल्यावर घाबरत नाही.

हे यंत्र आपल्याकडे वाढलं त्याला कारण आहे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवर हल्ला झाला आणि सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता गेली. लाखो लोकांची खाती गोठली. त्यानंतर सगळीकडे एकच सल्ला फिरायला लागला, एक्स्चेंजवर ठेवू नका, स्वतःच्या हातात ठेवा. सल्ला चूक नाही. पण स्वतःच्या हातात ठेवायला जे यंत्र घेतलं तेच सात महिन्यांनी काळं पडलं तर काय करायचं, हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत.

(क्रिप्टो घ्या किंवा घेऊ नका, यावर मी काही म्हणत नाहीये. त्यावर कमेंटमध्ये भांडायला बाकीची दुनिया मोकळी आहे. इथे प्रश्न पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा आहे.)

आमच्या भागातला एक मुलगा. नोकरी करतो, बचत करतो. त्याने एका मोठ्या शॉपिंग साइटवरून वॉलेट मागवलं. सात महिन्यांनी स्क्रीन गेली. चार्जिंगला लावलं की गरम होतं, पण उजेड नाही. विक्रेत्याला कळवलं, तो म्हणाला, वॉरंटी कंपनीची, कंपनीशी बोला. कंपनीला मेल केला. केबल बदला, दुसरा कॉम्प्युटर वापरून बघा, बटण दहा सेकंद दाबून धरा, व्हिडिओ पाठवा, असं तीन आठवडे चाललं. शेवटी उत्तर आलं की तुमचा विक्रेता आमच्या अधिकृत यादीत नाही, ज्याने विकलं त्याच्याकडे जा. ही टोलवाटोलवी आपल्याला नवीन नाही, टीव्हीच्या बाबतीतही होते. फरक एवढाच की टीव्ही बंद पडला म्हणून कुणाची रात्रीची झोप उडत नाही.

म्हणून आधी झोपेचं बघू. यंत्र मेलं म्हणजे पैसे गेले, असं नाही. नाणी त्या यंत्रात नसतातच. ती ब्लॉकचेनवर असतात, यंत्रात असते ती फक्त किल्ली. आणि ती किल्ली परत तयार करता येते, सुरुवातीला यंत्राने जे बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द दाखवले आणि तुम्ही कागदावर उतरवले, त्यांच्यावरून. २,०४८ शब्दांची एक ठरलेली यादी आहे, शब्द त्यातूनच येतात. बहुतेक कंपन्या तीच पद्धत वापरतात, त्यामुळे एका ब्रँडचे शब्द सहसा दुसऱ्या ब्रँडच्या यंत्रातही चालतात. तेव्हा यंत्र बिघडलं की पहिल्यांदा कस्टमर केअर नाही, कपाट उघडायचं. तो कागद सापडला आणि शब्द नीट वाचता आले, तर राहिलेला प्रश्न दहा-बारा हजारांच्या वस्तूचा आहे. कागद नसेल तर मात्र वॉरंटी काहीच परत आणू शकत नाही. कंपनीकडे तुमच्या शब्दांची प्रत नसते, नसायलाच हवी.

खरा धोका पुढे आहे. घाबरलेला माणूस गूगलवर हेल्पलाइन शोधतो, ट्विटरवर कंपनीला टॅग करून लिहितो. दहा मिनिटांत 'सपोर्ट टीम'चे चार मेसेज येतात. लोगो बरोबर, भाषा गोड. मग म्हणतात, यंत्र व्हेरिफाय करायला ते चोवीस शब्द या पानावर टाका. टाकले की संपलं.

ही 'बदलून देतो'ची युक्ती किती पुढे गेली आहे बघा. लेजर या फ्रेंच कंपनीच्या ग्राहकांची माहिती २०२० मध्ये चोरीला गेली. सुमारे दहा लाख ईमेल पत्ते, आणि त्यातल्या पावणेतीन लाखांच्या आसपास लोकांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर. पुढच्या वर्षी त्यातल्या काही लोकांच्या घरी चक्क पार्सलं आली. आत सीलबंद डब्यात नवं यंत्र आणि पत्र, की तुमची माहिती फुटली आहे म्हणून सुरक्षेसाठी आम्ही यंत्र बदलून देत आहोत, जुने शब्द यात भरा. यंत्र नकली होतं. म्हणजे चोरांनी वॉरंटी सेवाच सुरू केली म्हणा ना! न मागता दारात आलेलं बदली यंत्र कधीही वापरू नका. खऱ्या वॉरंटीच्या कुठल्याही टप्प्यावर तुमचे शब्द लागत नाहीत. बिल लागतं, ऑर्डर नंबर लागतो, बिघाडाचा व्हिडिओ लागतो, बस्स.

समजा कंपनी खरी आहे आणि म्हणाली, यंत्र परत पाठवा. इथे लोक अडकतात, आणि अडकणं बरोबर आहे. स्क्रीन बंद असल्यामुळे यंत्र पुसता येत नाही, किल्ली आत चिपवर तशीच आहे. पिन आहे ना, असं म्हणाल. जानेवारी २०२० मध्ये क्रेकन एक्स्चेंजच्या सुरक्षा प्रयोगशाळेने ट्रेझर वॉलेट हातात मिळाल्यावर साधारण पंधरा मिनिटांत त्यातली किल्ली बाहेर काढता येते, हे दाखवलं होतं. २०२२ मध्ये जो ग्रँड या अमेरिकन हार्डवेअर हॅकरने पिन विसरलेल्या माणसाचं असंच यंत्र त्याच्याच विनंतीवरून उघडून दिलं. नंतरच्या बऱ्याच यंत्रांत वेगळी सुरक्षित चिप असते, ती इतक्या सहज उघडत नाही. तरीही माझं म्हणणं हेच की पुसता न आलेलं यंत्र कुरिअरच्या हातात देण्याआधी सगळी नाणी नव्या शब्दांच्या नव्या पत्त्यावर हलवा. जुनेच शब्द नव्या यंत्रात भरून थांबलात तर उपयोग नाही, किल्ली तीच राहते.

म्हणजे अर्थ काय झाला? पहिलं यंत्र बदलून मिळण्याआधी तुम्ही दुसरं विकत घ्यायचं. बॅटरीवालं असेल तर कुरिअरवाले लिथियम बॅटरी म्हणून आणखी कागद मागणार. परदेशी पाठवायचा खर्च बहुतेक वेळा आपल्याच खिशातून. आठ हजारांच्या वस्तूसाठी हे सगळं करायला कोण बसतो? कंपन्यांनाही ठाऊक आहे की बहुतेक लोक कंटाळून सोडून देतात.

दुसरा एक मार्ग लोक शोधतात, तो त्याहून वाईट. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेऊन 'डिस्प्ले बसवून द्या' म्हणतात. मोबाइलचं ठीक आहे. वॉलेट एकदा तुमच्या नजरेआड उघडलं गेलं की ते वॉलेट राहिलं नाही. कॅस्परस्कीने २०२३ मध्ये एक प्रकरण मांडलं होतं. जाहिरात बघून घेतलेलं ट्रेझर बाहेरून अगदी नवं दिसत होतं, आत चिपच बदललेली होती, आणि पैसे यंत्र कशाला न जोडताच गेले. म्हणून या वस्तूला दुरुस्ती मागू नका, बदली मागा किंवा पैसे मागा. केंद्र सरकारचं 'राइट टू रिपेअर' पोर्टल डिसेंबर २०२२ पासून आहे, चांगलं आहे, पण ते शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं यांच्यासाठी आखलेलं आहे. आपल्या या डबीसाठी त्याचा फार उपयोग नाही.

आता कायद्याचं. लोकांचा ठाम समज आहे की क्रिप्टोला कायदा नाही म्हणून याला दाद नाही. दाद आहे, आणि ती मागताना 'क्रिप्टो' हा शब्द आणायची गरजसुद्धा नाही. तुम्ही पैसे देऊन वस्तू घेतली, ती सदोष निघाली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ला एवढं पुरतं. या कायद्याने मोठी सोय केली आहे. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असो की बंगळुरूचा. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल करायची. आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही होते. त्याआधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंदवा, निम्म्या गोष्टी तिथेच हलतात.

आणि तक्रार कुणाविरुद्ध? पॅरिस-प्रागच्या मागे लागू नका, विक्रेत्याला धरा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे की साइटवरून विकणारा विक्रेता सदोष माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देऊ शकत नाही. साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. परदेशी साइट इथल्या ग्राहकांना पद्धतशीर माल विकत असेल तर हे नियम तिलाही लागू आहेत. वर सांगितलेल्या मुलाने विक्रेता आणि साइट दोघांना या नियमांचा उल्लेख करून एक पानाची नोटीस पाठवली. वकील नाही, स्टॅम्प पेपर नाही. पैसे परत आले. कुरिअरचे नाही मिळाले, आणि तेवढ्यासाठी आयोगात जायला तो तयार नव्हता.

समोरून एक युक्तिवाद हमखास येतो, की क्रिप्टो म्हणजे धंदा, हा ग्राहकच नव्हे. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू कायद्याबाहेर आहे हे खरं. पण पगारातली बचत ठेवायला घरात तिजोरी घेतली तर तो धंदा होतो का? तसंच लिहा.

मर्यादाही सांगतो. यंत्र बंद होतं त्या दिवसांत भाव पडला, विकता आलं नाही, ते नुकसान द्या, अशा मागणीत दम धरू नका. सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई कायद्यात आहे, पण त्या हानीच्या व्याख्येतून आर्थिक तोटा सरळ वगळला आहे. वस्तू, किंमत, मानसिक त्रास आणि खर्च, एवढंच मागा. परदेशातल्या मुलाने सुट्टीत येताना आणून दिलेलं वॉलेट असेल तर त्यालाच तिथून तक्रार करायला सांगा. तो युरोपीय संघातल्या एखाद्या देशात असेल तर उत्तम, तिथे विक्रेत्यावर किमान दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते.

आपल्याकडे अशी किमान मुदत कायद्यात नाही. कंपनी छापील सहा महिने म्हणाली तर सहा महिने. माझा सरकारवरचा राग इथे आहे. २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर घेता. व्यवहारावर १ टक्का टीडीएस कापता. एकातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करू देत नाही. खरेदी किंमत सोडून कुठलाच खर्च धरत नाही, म्हणजे सुरक्षेसाठी घेतलेल्या या वॉलेटचे पैसेसुद्धा नाहीत. मग निदान एवढं करा. इथे वॉलेट विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने देशात एक पत्ता ठेवावा, जिथे बिघडलेलं यंत्र ग्राहकासमोर तपासून ग्राहकासमोरच चिप फोडून नष्ट करता येईल, आणि बदली जागेवर मिळेल. कुरिअरही नको, संशयही नको. ज्यांना हजारो यंत्रं इथे विकता येतात त्यांना एक टेबल आणि एक माणूस परवडत नाही, हे मला पटत नाही.

तोपर्यंत घेताना डब्याच्या मागे बघा. आयात केलेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी असलंच पाहिजे, हा नियम आहे. ते स्टिकर नसेल तर माल कुठून आला देव जाणे, आणि उद्या नोटीस कुणाच्या नावाने काढणार? पाचशे रुपये स्वस्त मिळतंय म्हणून ते घेऊ नका. बिल ईमेलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका, प्रिंट काढून ठेवा. डबा टाकू नका. विक्रेत्याशी बोलणं फोनवर नको, लेखी करा.

नोटिशीचा नमुना हवा असेल त्यांनी बिल, स्टिकरचा फोटो आणि झालेला पत्रव्यवहार घेऊन रविवारी सकाळी या. वॉलेट आणायची गरज नाही, आणि तो कागद तर अजिबात आणू नका.